हातानं मारलेलं मोजत नाहीत

कापसाचा हंगाम आला की तामसी ते आदिलाबाद रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. भरलेल्या गाड्यांतून निसटलेला कापूस काट्यांना अडकतो आणि महिना महिना तिथंच फडफडत राहतो. परवा बसच्या खिडकीतून ते पाहिलं आणि माझं उजवं मनगट ठणकायला लागलं. हाड केव्हाच जुळलं आहे, आता दुखायला काही कारण नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण पहिली वेचणी लागली की ते दुखतं आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की थांबतं, हे मी दरवर्षी बघतो.

या दिवसांत लोकांना काय काय आठवत असेल. हुरडा, बांधावरची भाकर, कमरेला बांधलेल्या ओटीतला कापसाचा उबदार भार. मला संख्याशास्त्र आठवतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा सक्तीचा पेपर. मी मानसशास्त्र घेतलं होतं ते त्यात गणित नसतं असं एका शहाण्यानं सांगितलं म्हणून. तो माणूस आज भेटला तर त्याच्या कानाखाली... असं पूर्वी लिहिलं असतं. आता ते फक्त मनात येतं आणि मी दहापर्यंत आकडे मोजतो. शाळाशाळांतून फिरून पोरांना राग आवरायला शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. यावर हसायचा हक्क एकाच माणसाला आहे, माझ्या धाकट्या बहिणीला, आणि तिनं तो अजून वापरलेला नाही.

त्या हंगामात मी वीस वर्षांचा होतो आणि संगीता, आमची संगी, सतरा. मी तिला मारायचो. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून एकदाचं सरळ लिहून टाकतो. वरणात मीठ कमी म्हणून मारलं, चार्जर सापडेना म्हणून मारलं, बसस्टँडवर कोणाशी तरी हसून बोलली म्हणून मारलं. एकदा माझा पेन तिच्या दप्तरात मिळाला म्हणून मारलं, आणि तो पेन मीच तिला दिला होता हे मारून झाल्यावर आठवलं. थोरल्या भावानं धाकटीला वळण लावायचं असतं, असं आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं. बाबा अशा वेळी उठून बैलांकडं जायचे. आई पदरानं संगीचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "मोठा भाऊ हाय तुहा. लागलं त लागलं. कोनाले सांगू नोको."

कापूस मार्केटला जाईपर्यंत मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेला असायचा. अंगाला खाज सुटायची, घशात तंतू जायचे, आणि फवारणीचा वास कपड्यांतून महिने गेले तरी निघायचा नाही. मी त्या ढिगाला पाठ लावून अभ्यासाला बसायचो. फार मऊ जागा होती ती. तिथं कोणाला ढकललं तर आवाज होत नाही, हेही मला माहीत होतं.

संख्याशास्त्राचा मी द्वेष करायचो. नुसता कंटाळा नाही, द्वेष. शाळेत गणिताच्या तासाला आम्ही उभ्या हातावर छड्या खाल्ल्या होत्या, पाढा चुकला की एक, घाबरून पुन्हा चुकला की दोन, आणि माझ्या अंगात आकडे आणि मार एकाच फडताळात जाऊन बसले होते. एक उघडलं की दुसरं बाहेर यायचं. हे मी आज मानसशास्त्र शिकल्यावर सांगतो आहे. तेव्हा एवढंच कळायचं की वही उघडली की माझ्या मुठी वळतात.

सगळ्यात छळलं ते प्रमाण विचलनानं. आकडे सरासरीपासून किती दूर पसरलेत ते काढायचं, एवढीच गोष्ट. मी प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायचो, आलेले फरक मिळवायचो आणि उत्तर यायचं शून्य. पुन्हा करायचो, पुन्हा शून्य. एका संध्याकाळी सहा वेळा शून्य आलं. संगी समोर बसून कापसातला पाचोळा वेचत होती. ती इंटरच्या दुसऱ्या वर्षाला होती, म्हणजे बारावीला, गणित घेऊन, आणि तिच्या पुस्तकात हाच धडा होता. वर न बघता ती म्हणाली, "दादा, थे शून्यच येते. कवाबी शून्यच येते. आंधी वर्ग कर, मंग बेरीज."

मी उठलो. थप्पड तिच्या डाव्या कानावर बसली. रिंगेचा आकडा मांसात रुतला आणि मांडीवरच्या कापसावर रक्त पडलं, बोराएवढे तीन थेंब. आईनं तेवढा कापूस वेगळा काढला आणि चुलीत घातला. मी परत वहीपाशी बसलो, फरकांचे वर्ग केले, मग बेरीज केली, आणि उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं. मला आनंद झाला. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण वर्षं गेली की माणूस आपल्या आठवणी धुऊन घेतो. तिचा कान सुजत होता आणि गणित सुटल्याचा मला आनंद झाला होता.

वर्ग का करायचे हे मला पुढं समजलं. काही फरक अधिक असतात, काही उणे, आणि नुसते मिळवले की ते एकमेकांना खाऊन टाकतात. मीही तेच करत होतो. संगीला मी रोज मोटरसायकलवर इंटरच्या कॉलेजला सोडायचो, मग बसनं माझ्या कॉलेजला जायचो. तिला ताप चढला तेव्हा पाठीवर घेऊन दवाखान्यात धावलो होतो. पोळ्याला बांगड्या आणायचो. मनातल्या मनात हे सगळं एका बाजूला टाकायचं, थपडा दुसऱ्या बाजूला, आणि हिशेब शून्य आला की निवांत झोपायचं. घरातला कोणताही मारणारा माणूस असाच झोपतो, हे आता मला कामामुळं ठाऊक आहे.

आमचे संख्याशास्त्राचे सर वरंगलकडचे. घरी तेलुगू, आमच्याशी हिंदी. त्या सत्रात त्यांनी जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला एक प्रकल्प दिला: विषय निवडा, फॉर्म करा, गावात जाऊन माहिती आणा, तिच्यावर गणित करा. माझी जोडी पडली सुनंदाशी. सुनंदा बाजारहत्नूरची, भाजीवाल्याची मुलगी, तोंडानं फटकळ आणि वजनकाट्यावर वाढल्यामुळं आकड्यांत पक्की. विषय तिनंच काढला: घरातला मार. मी नको म्हणालो असतो तर का नको ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी मान डोलावली. सरांनी एकच नियम घातला. "अपने गाँव में अपन नहीं पूछना. लोगां झूट बोलते, नहीं तो अपन झूट लिखते."

तेव्हा ठरलं की मी बाजारहत्नूरला जायचं आणि सुनंदानं आमच्या तामसीला. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर, वय, शिक्षण आणि चार प्रश्न. मागच्या वर्षी अमुक तारखेपासून असं विचारून बायांना सांगता येत नाही, म्हणून सुनंदानं प्रश्न आमच्या पद्धतीनं घातला: मागच्या पहिल्या वेचणीपासून आतापर्यंत घरातल्या कोणी किती वेळा मारलं?

बाजारहत्नूरच्या शिवारात दुसरी वेचणी चालू होती. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या मुळाशी घुसतात, बायांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी बांधावर बसून विचारायचो आणि त्या पऱ्हाटीच्या ओळीतून पुढं सरकत सरकत उत्तरं द्यायच्या. एका म्हातारीनं माझ्याकडं बघून विचारलं, "लाकडानं का हातानं?"

"कशानंही, आजी."

"लाकडानं नाई मारलं कवा. देवमानूस हाय. हातानं मारते, पर हाताचं काय मोजाचं, बाप्पा? थे का मारनं झालं?"

तिच्या पलीकडची हसली, तिच्या पलीकडचीही हसली. लाकूड, पट्टा, बैलाचा कासरा, हे मारणं. शेजारी सोडवायला आले तर ते मारणं. हाताची चापट म्हणजे बोलण्याचाच एक भाग. मी शून्य लिहिलं. पुढच्या फॉर्मवर शून्य, त्याच्या पुढच्यावर शून्य. सरांनी शिकवलं होतं की प्रश्नाचा अर्थ समजावून सांगायचा, हात धरा, ढकलणं धरा, केस ओढणं धरा. मी समजावलं नाही. मला ती म्हातारी पटली होती. मीसुद्धा कधी लाकूड उचललं नव्हतं, आणि त्या दिवशी बांधावर बसून मी स्वतःचा एक फॉर्म मनात भरला आणि त्यावरही शून्य लिहिलं.

निघताना एका बाईनं विचारलं, "फार्म भरला आमी. आता काय भेटते?"

"काही नाही, काकू. कॉलेजचं आहे."

"मंग काऊन इचारून राह्यला?"

मी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घातला. आमच्याकडं फॉर्म म्हणजे रेशन, फॉर्म म्हणजे पेन्शन. एकदा दस्तखत केलं की चार महिन्यांनी का होईना, कोणी तरी साहेब कागद घेऊन दारात येतो. कशाचंच नसलेला फॉर्म त्या बायांनी पाहिलेला नव्हता.

सुनंदा तामसीला दोन दिवस होती. दुसऱ्या दिवशी आमच्याच घरी जेवली. आईनं तिला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, आणि जेवण झाल्यावर ती संगीबरोबर शेताकडं गेली. मी कॉलेजला होतो. नंतर तिनं तामसीचे सगळे फॉर्म माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "कॉम्प्युटरवर तू टाक. माहं भाजीचं दुकान हाय." ती माझ्या डोळ्यात न बघता बोलली. मुद्दाम दिले की काय, हे मी तिला कधी विचारलं नाही.

कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एक पंखा होता आणि तो फिरताना टक टक वाजायचा. मी नंबरवार आकडे टाकत चाललो होतो. एकतीस नंबरचा फॉर्म उचलला. वय सतरा. इंटर, गणित. लग्न नाही. कोणी मारलं: भाऊ. किती वेळा: तेवीस. कशानं: हातानं.

तामसीत गणित घेऊन इंटर करणारी सतरा वर्षांची मुलगी एकच होती.

मला लाज वाटली असं लिहायला हरकत नव्हती, पण ते खरं नाही. मला आधी ते खोटं वाटलं. मी बोटांवर मोजायला लागलो. मिठाचं, चार्जरचं, बसस्टँडचं, पेनाचं, कानाचं. पाच. फार तर सहा. मग आठवलं की सीतादहीच्या दिवशी, वेचणीच्या मुहूर्ताला पऱ्हाटीला दहीभात ठेवतात तेव्हा, तिच्या हातून दह्याचं भांडं सांडलं होतं आणि मी पूजेसमोरच तिला लाथ घातली होती. पण लाथ हातात येते का, असा विचार माझ्या डोक्यात आला. खरोखर आला. आठवणी एकामागून एक यायला लागल्या तसा मी मोजणं थांबवलं आणि मला राग चढला, इतका की कानात पंखाही ऐकू येईना. घरचं गाऱ्हाणं परक्या पोरीला सांगते.

त्याच आठवड्यात सरांनी आउटलायर शिकवला होता. सगळ्या आकड्यांपासून फार दूर पडलेला एखादाच आकडा. तो अख्खी सरासरी आपल्याकडं ओढतो. सर म्हणाले होते, "पहले देखो, लिखने में गलती हुई क्या. गलती नहीं है तो उसको छूना नहीं. वो सच्चा है." मी यातलं अर्धं घेतलं. तेवीस पडद्यावर लिहून झालेलं होतं. तीन खोडायला बोट एकदाच दाबावं लागतं. दोन राहिले. सरासरी खाली आली, आलेख देखणा दिसायला लागला. मी तिला तोपर्यंत किती वेळा मारलं होतं ते सोडा. हे त्या सगळ्यांत वाईट मारणं होतं, आणि ते करताना माझा आवाजही चढला नव्हता.

जानेवारीत वर्गासमोर प्रकल्प मांडायचा दिवस आला. मी पडद्यावर आलेख लावून फळ्याजवळ उभा राहून बोललो. सरांनी विचारलं, सगळ्यात मोठा आकडा कोणता? मी म्हणालो, नऊ. सुनंदा बाकावरून उठली.

"सर, तामसी का इकतीस नंबर. उसमें तेवीस था. मैंने अपने हाथ से लिखा."

सरांनी गठ्ठा मागवला, फॉर्म काढला, पाहिला, पडद्याकडं पाहिलं. मी म्हणालो, टाकताना चुकलं. सर म्हणाले, ठीक है, सुधार लेना, आणि पुढच्या जोडीला बोलावलं. वर्गातल्या कोणाला काही कळलं नाही. बाहेर व्हरांड्यात सुनंदानं मला गाठलं. ती ओरडली नाही. दात दाबून बोलत होती.

"किती वेळा म्हनून इचारलं त थे आठवत नाई बसली. लगेच सांगतलं. अन् मंग मले काय इचारते मालूम हाय? साहेब कवा येनार. तिले वाटलं, फार्म भरला, आता कोनी तरी येईन. रोज सांजच्या बसकडं पाहत असन थे." ती थांबली. "अन् सांजच्या बसनं उतरते कोन? तू."

यानंतर एखादा माणूस खाली बसला असता. मी दुपारची बस पकडली. तासभर मी खिडकीच्या गजाला धरून होतो आणि मनात एकच चाललं होतं: भर वर्गात माझी अब्रू काढली. घरात दप्तर फेकलं आणि शेताकडं गेलो.

फरदड, म्हणजे शेवटचा उरलासुरला कापूस, संपली होती, रान काळं आणि काड्याकाड्यांचं झालं होतं. त्या दिवसांत पऱ्हाट्या उपटतात. उपटायला एक चिमटा असतो, लांब दांड्याचा, खाली लोखंडाचे दात. बुडाशी पकड बसवायची आणि दांडा ओढायचा, मुळासकट झाड वर येतं. इंटरची परीक्षा तोंडावर होती तरी आई मागं लागली म्हणून संगी चिमटा घेऊन कामाला होती. आई दुसऱ्या टोकाला मोळ्या बांधत होती. उपटलेल्या मुळांचा ओला वास सुटला होता. मी मागून जाऊन संगीची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला वळवलं.

"कोनाले सांगतं तू? घरचं बाहीर सांगतं?"

तिनं चिमटा दोन्ही हातांत घट्ट धरला. मी वेणी सोडली आणि हात उचलला. तो खाली आलाच नाही. लोखंड मनगटावर बसलं तेव्हा वाळकी काडी मोडल्याचा आवाज झाला, आणि मला वाटलं पायाखाली पऱ्हाटी मोडली. मी खाली वाकलो तेव्हा दुसरा बसला, खांद्यावर. मी ढेकळांत पडलो. तोंडात माती गेली. संगी माझ्यावर चिमटा धरून उभी होती, आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "आता हे मोज."

आई धावत आली. तिनं आधी संगीच्या हातातून चिमटा घेतला, मग मला उठवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तर तीच पुढं होऊन म्हणाली, बैलबंडीवरून पडला. प्लास्टर ओलं असताना माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "कोनाले सांगू नोको." हे शब्द मी आयुष्यभर ऐकले होते. ते माझ्यासाठी म्हटलेले पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यानंतर मी संगीवर हात उचलला नाही. हात बरा झाल्यावरही नाही. यात माझं कौतुक काही नाही. मी सुधारलो म्हणून थांबलो, की हाड मोडलं म्हणून, हे माझं मलाच अजून नक्की ठरवता आलेलं नाही, आणि या प्रश्नाला कोणतं सूत्र लावायचं ते कोणत्या पुस्तकात मिळालं नाही.

परीक्षा त्या वर्षी लांबली होती, तरी ती प्लास्टर निघायच्या आधीच होती. संख्याशास्त्राच्या पेपरात मी मागच्या वर्षी एकदा नापास झालो होतो. आता पुन्हा गेला तर कॉलेज बंद, बाबांनी सांगून ठेवलं होतं. ऑफिसात दरखास्त दिली की लिहायला माणूस मिळतो, पण तो आपल्यापेक्षा खालच्या वर्गातला पाहिजे आणि तो आपण आणायचा. तामसीत इंग्रजी आकडेमोड भराभर लिहील असं खालच्या वर्गातलं माणूस कोण होतं? चार दिवस मी ते टाळलं. मग आईला म्हणालो, तू संगीला विचार. आई काही बोलायच्या आतच संगी दारात आली. तीन आठवड्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"तेवीस लिव पहिले. मंग येतो मी."

आकडा बदलल्याचं तिला सुनंदानंच सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो. त्यांनी कॉम्प्युटर उघडून दिला आणि बाजूला झाले. मी डाव्या हाताच्या एका बोटानं दोनापुढं तीन टाकले. सरासरी वर गेली, आलेख कुरूप झाला, एका टोकाला एकटाच ठिपका दूर जाऊन बसला. सरांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"घर की है?"

मी मान हलवली.

"हाथ कैसे टूटा?"

"बंडी से गिरा, सर."

"हौ," सर म्हणाले. "बंडी ने अच्छा किया."

संगी आता हैदराबादला असते. गणितातच पुढं गेली, नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे. आईला रोज फोन करते. माझ्याशी बोलते ते "बरा हायस का" आणि "आईच्या गोळ्या आनल्या का" एवढंच. मी त्याच्या पुढं काही मागत नाही. शाळांतून मी पोरांना विचारतो, घरी कोणी मारतं का, आणि पोरं म्हणतात, नाही सर. मग मी सांगतो, हातानं मारलेलंही मोजायचं. त्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला ओळखीची आहे. कापूस रचलेल्या आमच्या खोलीतही अशीच असायची.

पेपर सकाळी दहाचा होता. आम्ही एकाच बसनं गेलो, ती बायांच्या बाजूला बसली आणि मी मागं. कोपऱ्यातल्या एका लहान खोलीत आम्हाला वेगळं बसवलं, एकच लांब बाक, ती माझ्या उजवीकडं. पहाऱ्याला एक वयस्कर तेलुगू मॅडम होत्या. त्यांनी बजावलं की मी सांगीन तेच तिनं लिहायचं, स्वतःचं काही नाही. संगीनं मान हलवली. माझं पुढचं सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं आणि तिनं मनात आणलं असतं तर एक आकडा इकडचा तिकडं करायला तिला फार वेळ लागला नसता. ती सरळ, स्वच्छ अक्षरात, मी सांगत होतो तेच लिहीत होती. तक्ता तिनं पट्टीनं आखला. पहिली दोन उत्तरं झाली. खिडकीतून ऊन आत आलं होतं, खोली तापली होती, तिच्या कपाळावर घाम होता आणि केसांची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती.

मी तिसरं उत्तर सांगत होतो. तिनं पेन खाली ठेवला आणि बट मागं सारायला हात वर केला.

माझं डोकं आपोआप खाली गेलं. डोळे मिटले, खांदे वर आले आणि प्लास्टरचा हात मी तोंडावर धरला. किती वेळ ते मला ठाऊक नाही. मॅडम हसल्या. "भयपडकु, बाबू," त्या म्हणाल्या, म्हणजे घाबरू नकोस. त्यांना वाटलं मी पेपराला घाबरलो.

मी डोळे उघडले तेव्हा संगी माझ्याकडं बघत होती आणि तिचा हात हवेत तसाच थांबलेला होता. तिनं तो केसांपर्यंत नेला नाही. सावकाश खाली आणला, मला दिसेल असा बाकावर उताणा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तिनं त्याच हातानं पेन उचलला.

"पुढचं सांग," ती म्हणाली.